लाइन थांबवायचा हक्क कुणाला? गाडीची गुणवत्ता जिथे घडते ती जागा

एका मोटारगाडीत, अगदी बारीक स्क्रूसुद्धा मोजले तर, साधारण ३०,००० सुटे भाग असतात. आता एक हिशेब करून पाहू. समजा, यातला प्रत्येक भाग इतक्या काटेकोरपणे बनतो की दहा हजारांत एखादाच खराब निघावा. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण अशा भागांतून शंभर गाड्या जोडल्या, तर एकही खराब भाग नसलेल्या गाड्या निघतील जेमतेम पाच. हे प्रमाण लाखात एक केलं, तरी शंभरातल्या पंचवीसेक गाड्यांत कुठे ना कुठे खोट राहते. दहा लाखांत एक इथवर मजल गेली, की मग शंभरातल्या सत्त्याण्णव गाड्या निर्दोष निघतात.

म्हणून या धंद्यात टक्क्यांची भाषा चालत नाही, 'पीपीएम'ची चालते: दहा लाख नगांमागे खराब किती? भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या व्हेंडरने 'आमचा माल ९९ टक्के चांगला असतो' असं सांगितलं, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीला त्यातून ऐकू येतं ते 'दहा लाखांत दहा हजार खराब'. सगळे दोष जिवावर बेतणारे नसतात, हे खरं. पण डॅशबोर्डची क्लिप आणि ब्रेकच्या पाइपचा जोड एकाच लाइनवर, म्हणजे गाडी पुढे सरकत जिथे जोडली जाते त्या रांगेवर, बसतात, आणि एकीकडे चालवून घेतलेली सवय दुसरीकडे पोचायला वेळ लागत नाही.

एवढी अचूकता येते कुठून? बहुतेकांचं उत्तर असतं: शेवटी कडक तपासणी करतात. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तपासणी लागते, पण तिच्या भरवशावर चांगली गाडी बनत नाही. तपासणारा माणूस आठ तासांच्या शिफ्टमध्ये थकतो. शेकडो चांगले नग पाहिल्यावर पुढचा खराब नगही त्याला चांगलाच दिसू लागतो. शिवाय गाडी पुरी होईपर्यंत निम्म्या गोष्टी झाकल्या गेलेल्या असतात. पॅनेलच्या आतलं वेल्डिंग, दाराच्या ट्रिममागचा बोल्ट, गालिच्याखालची वायर बाहेरून दिसणार कशी? आणि समजा दोष सापडला, गाडी बाजूला काढली, दुरुस्त केली, तरी ज्या कारणाने तो झाला ते कारण लाइनवर तसंच बसलेलं असतं. पुढच्या मिनिटाला ते पुन्हा तोच दोष तयार करतं. रिवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, रांगेत उभ्या असलेल्या गाड्या पाहून काम जोरात चाललंय असं वाटू शकतं. खरं तर त्या जागी कंपनी तेच काम दुसऱ्यांदा पैसे मोजून करून घेत असते.

सतत सुधारणेची सगळी पद्धत, जिला आपल्याकडच्या कारखान्यांत सरसकट कायझेन म्हणतात, या एका अडचणीतून उभी राहिली. दोष शेवटी पकडण्याऐवजी तो घडतो त्या क्षणी, घडतो त्याच जागी दिसला पाहिजे. आणि ज्याला तो दिसतो त्याला काम थांबवता आलं पाहिजे.

धागा तुटला की माग थांबतो

या विचाराची सुरुवात गाडीपासून झालेली नाही, मागापासून झाली. यंत्रमागावर काम केलेल्यांना, मग ते इचलकरंजीचे असोत की भिवंडीचे, हे सांगायला नको: ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर पुढचं सगळं कापड खोटीचं निघतं. जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. १९२४ मध्ये त्यांचा स्वयंचलित माग तयार झाला आणि १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स या इंग्लंडमधल्या बड्या कंपनीने त्याचे पेटंट हक्क घेतले. माग स्वतःच थांबतो म्हटल्यावर प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करायची गरज उरली नाही. एक माणूस अनेक माग सांभाळू लागला, आणि तो जायचा तो फक्त थांबलेल्या मागाकडे.

साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला. १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइची ओनो या अभियंत्याने मागाचं हे तत्त्व गाडीच्या लाइनवर आणलं. इथे अडचण वेगळी होती. यंत्राला धागा तुटलेला कळतो, पण गाडी जोडताना बरीचशी कामं माणसाच्या हाताने होतात. म्हणून थांबण्याची ताकद माणसाच्या हाती द्यावी लागली.

लाइनच्या कडेने डोक्यावर एक दोरी जाते. काही कारखान्यांत दोरीऐवजी बटण असतं. बोल्ट नीट बसला नाही, भाग चुकीचा आला, हातातलं काम वेळेत होत नाही असं दिसलं, की कामगार ती ओढतो. वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो, ठरलेली धून वाजते. याला अँडॉन म्हणतात. दोरी ओढताक्षणी सगळा कारखाना ठप्प होतो असं वर्णन अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. तसं होत नाही, आणि खरी हुशारी त्यातच आहे. समजा, प्रत्येक ठिकाणी गाडी ६० सेकंद असते. विसाव्या सेकंदाला दोरी ओढली, तर उरलेले ४० सेकंद लाइन चालूच राहते. तेवढ्यात टीम लीडर धावत येतो. दोघांनी मिळून अडचण सोडवली, तर दोरी पुन्हा ओढतात, दिवा विझतो, लाइन थांबतही नाही. नाही सुटली, तर गाडी त्या ठिकाणच्या शेवटच्या रेघेवर पोचली की लाइन आपोआप थांबते, म्हणजे बाकीच्यांचं हातातलं काम अर्धवट तुटत नाही.

यात दोरीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे धावत येणारा टीम लीडर. पाच-सहा माणसांमागे एक लीडर मोकळा ठेवणं म्हणजे पगाराचा खर्च. ज्या कारखान्यांनी दोरी लावली पण लीडरला दुसऱ्या कामाला जुंपलं, तिथे दिवा लागतो आणि कुणी येत नाही. चार वेळा असं झालं की कामगार दोरी ओढायचं सोडून देतो.

फ्रीमाँटची गोष्ट

हे सगळं जपानी माणसांच्या स्वभावातच आहे, इतरांना जमणार नाही, असं पूर्वी सर्रास म्हटलं जायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथल्या एका कारखान्याने या समजाची परीक्षा घेतली.

जनरल मोटर्सचा हा कारखाना कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत गणला जायचा. साधारण पाचातला एक कामगार रोज गैरहजर असायचा. कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात कायम भांडण, शेकडो तक्रारी पडून. लाइन कुठल्याही परिस्थितीत थांबवायची नाही हा तिथला अलिखित कायदा होता, त्यामुळे चुकीचे जोडलेले भाग घेऊन गाड्या पुढे जायच्या आणि मग अंगणात दुरुस्तीसाठी उभ्या राहायच्या. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तिथेच 'नम्मी' नावाने नवा कारखाना सुरू केला. इमारत तीच, संघटना तीच, आणि कामगारही बहुतेक जुन्याच कारखान्यातले. त्यांच्या तुकड्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या गेल्या. परत आल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर दोरी होती.

थोड्याच काळात तिथल्या गाड्या गुणवत्तेत ताकाओकाच्या जवळ पोचल्या. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. त्याच दशकात जनरल मोटर्स इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतत होती आणि तिथे असा फरक दिसत नव्हता.

या गोष्टीचा जो भाग फारसा सांगितला जात नाही, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नम्मीच्या करारात कंपनीने लिहून दिलं होतं की अस्तित्वावरच घाला येण्याइतकी वेळ आल्याशिवाय कामगारांना कमी केलं जाणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी विक्री पडली, कारखाना क्षमतेपेक्षा खूप कमी चालू लागला, तेव्हा हा शब्द पाळला गेला. रिकाम्या वेळात कामगारांना प्रशिक्षण दिलं, सुधारणेच्या कामांत गुंतवलं. आता विचार करा: चार माणसांचं काम तिघांत कसं होईल हे सुचवणाऱ्या कामगाराला, चौथा माणूस उद्या घरी बसणार अशी धास्ती असेल, तर तो तोंड उघडेल का? नोकरीची हमी असेल तर चौथा माणूस दुसऱ्या कामाला लागतो, आणि सुचवणाऱ्याच्या मनावर ओझं राहत नाही.

जनरल मोटर्सचे अधिकारी नम्मी पाहून गेले, फोटो काढून गेले, दोऱ्या लावल्या. तरी आपल्या बाकीच्या कारखान्यांत हे रुजवायला कंपनीला कितीतरी वर्षं लागली. दोरी विकत मिळते. ती ओढणाऱ्यावर कुणी ओरडणार नाही, हा भरवसा विकत मिळत नाही. नम्मी २०१० मध्ये बंद झाला. आज त्या जागेत टेस्लाच्या गाड्या बनतात.

दोरी ओढली, पुढे काय?

लाइन थांबवणं हा कामाचा छोटा भाग झाला. त्यानंतर जे होतं त्याला सुधारणा म्हणायचं.

समजा, डॅशबोर्डमागचा एक वायरिंगचा कनेक्टर अधूनमधून अर्धवट बसलेला सापडतो. बहुतेक ठिकाणी यावर ठरलेलं उत्तर असतं: ऑपरेटरला समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिलं. कागद बंद. महिन्याभराने तोच दोष परत येतो. याऐवजी 'का' विचारत जायचं. कनेक्टर अर्धवट का बसला? कारण ऑपरेटरला तो दिसत नाही, हाताच्या अंदाजाने दाबावा लागतो. दिसत का नाही? कारण त्याआधी डॅशबोर्ड बसवलेला असतो. डॅशबोर्ड आधी का बसवतात? कारण कामांचा क्रम तसा लिहिलेला आहे. क्रम तसा का? कारण तो जुन्या मॉडेलसाठी ठरला होता, तेव्हा त्या जागी हा कनेक्टरच नव्हता. नवं मॉडेल आल्यावर क्रम पुन्हा का तपासला नाही? आता आपण खऱ्या कारणापाशी आलो. ते ऑपरेटरच्या बोटांत नव्हतं, नव्या मॉडेलची तयारी करणाऱ्या ऑफिसात होतं. क्रम बदलला की दोष जातो, आणि कुणाला समज द्यावी लागत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. कामाचा क्रम, वेळ, टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) किती, कुठल्या हातात काय हे सगळं लिहून ठेवलेलं नसतं, तर काय बदललं आणि कशामुळे फरक पडला हे कधीच कळलं नसतं. प्रत्येक शिफ्ट आपापल्या पद्धतीने काम करत असेल, तर सुधारणा मोजायची कशाशी? म्हणून लिहिलेली पद्धत हा सुधारणेचा पाया आहे. फक्त ती पद्धत काम करणाऱ्याने बदलता आली पाहिजे. भिंतीवर लॅमिनेट करून पाच वर्षं टांगलेला कागद कामाचा नाही.

चूक होऊच नये अशी रचना करणं ही पुढची पायरी. जपानच्या शिगेओ शिंगो यांचं १९६१ मधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका बटणाच्या जोडणीत दोन स्प्रिंगा बसवायच्या असायच्या आणि कामगार कधीकधी एक विसरायचे. त्यांनी एवढंच सुचवलं, की आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून समोरच्या वाटीत ठेवायच्या आणि मग जोडणी करायची. काम झाल्यावर वाटीत स्प्रिंग दिसली, तर विसरल्याचं तिथल्या तिथे कळतं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. आजच्या लाइनवर याच विचाराची मोठी रूपं दिसतात: चारही बोल्ट ठरलेल्या टॉर्कला बसल्याशिवाय फिक्स्चर, म्हणजे पकडून ठेवणारी चौकट, गाडी सोडत नाही, किंवा उलटा धरलेला भाग जिगमध्ये, म्हणजे त्याच्या साच्यात, बसतच नाही.

प्रत्येक फरक हा दोष नसतो

इथे थोडं गणित लागतं, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही.

कोणतंही यंत्र सगळे नग तंतोतंत सारखे काढत नाही. २० मिलिमीटरचा शाफ्ट बनवताना एक २०.००४ येईल, दुसरा १९.९९७. धातूचा कठीणपणा, तापमान, यंत्राची थरथर अशी हजार बारीक कारणं एकत्र येऊन हा फरक पडतो. अमेरिकेत टेलिफोनच्या उपकरणांच्या कारखान्यांसाठी काम करताना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये एक साधा आलेख मांडला. ठरावीक वेळाने नग मोजायचे, आकडे कागदावर मांडायचे, आणि यंत्राचा नेहमीचा चढउतार किती हे दोन रेषांनी दाखवायचं. आकडे त्या रेषांच्या आत इकडेतिकडे फिरत असतील, तर यंत्र आपल्या स्वभावानुसार चाललंय. आकडा रेषेबाहेर गेला किंवा सलग एकाच बाजूला सरकू लागला, तर काहीतरी वेगळं घडलंय: टूल झिजलं, बार दुसऱ्या लॉटचा आला, सेटिंग हललं.

हा फरक न कळल्याने होणारं नुकसान मोठं आहे. ऑपरेटर कष्टाळू आहे, एक नग २०.००८ आलेला पाहून तो टूल लगेच ०.००८ ने सरकवतो. पण यंत्र मुळात बरोबर मध्यावर होतं, तो आकडा नुसता नेहमीचा चढउतार होता. आता पुढचे नग १९.९९२ च्या आसपास फिरू लागतात. मग तो उलट बाजूला सरकवतो. प्रत्येक नगानंतर असं केलं, तर नगांतला फैलाव साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जास्त काळजी घेतल्याने माल जास्त खराब होतो. केव्हा हात लावायचा आणि केव्हा लावायचा नाही, हे आलेख सांगतो. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये जपानमध्ये जाऊन तिथल्या अभियंत्यांना आणि कंपन्यांच्या प्रमुखांना हेच शिकवलं. पुढच्याच वर्षी जपानने त्यांच्या नावाने गुणवत्तेसाठीचा पुरस्कार सुरू केला. टोयोटाला तो १९६५ मध्ये मिळाला.

जिथे दोरी नव्हती

एवढं सगळं करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या परत का बोलवाव्या लागतात? हा प्रश्न रास्त आहे. २००९-१० मध्ये फ्लोअर मॅटमध्ये अडकणारं आणि दाबल्यावर नीट वर न येणारं ॲक्सिलरेटर पेडल, या कारणांसाठी टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर हजर झाले आणि कंपनी फार वेगाने वाढली असावी अशी भीती त्यांनी स्वतः बोलून दाखवली.

त्याहून जास्त विचार करायला लावणारं प्रकरण टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सू कंपनीचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने अहवाल दिला, की ६४ मॉडेलांच्या मान्यतेसाठी केलेल्या चाचण्यांत १७४ गैरप्रकार झाले. एअरबॅग प्रत्यक्ष गाडीत सेन्सरने उघडते, तिथे धडकेच्या काही चाचण्यांत ती टायमर लावून उघडली होती. कंपनीला सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. समितीने कारणांत नवी मॉडेलं बाजारात आणायच्या अतिशय आखडत्या वेळापत्रकाचा ताण ठळकपणे नोंदवला. कारखान्याच्या लाइनवर बोल्ट बसवणाऱ्याला काम थांबवता येत होतं. चाचणी विभागात बसलेल्या अभियंत्याला 'या तारखेला जमणार नाही' म्हणता येत नव्हतं. एखाद्या कंपनीची गुणवत्ता पाहायची, तर दोरी लाइनवर आहे की नाही एवढं पाहून भागत नाही. ती ऑफिसात कुठे संपते, हेही पाहायला हवं.

आपल्याकडे हे येऊन बराच काळ झाला. भारतात डेमिंग पुरस्कार सर्वांत आधी चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला मिळाला, १९९८ मध्ये. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने तो मिळवला, आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यांत जगात ती पहिली कंपनी ठरली. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि महाराष्ट्रात तो हवा तेवढा सांगितला जात नाही असं मला वाटतं. टोयोटाने भारतात पाऊल ठेवलं तेही १९९७ मध्ये किर्लोस्कर समूहाच्या साथीने, बंगळुरूजवळच्या बिडदीत.

पण चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूरच्या अनेक शेडमध्ये कायझेन म्हणजे नोटीस बोर्डावरचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो आणि माणशी महिन्याला एक सूचना असं टार्गेट, एवढ्यावर थांबलं आहे. सूचना देणारा मुलगा काही महिन्यांच्या करारावर असतो. लाइन थांबवली तर पुढचा करार मिळेल का, ही त्याची काळजी खरी आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फ्रीमाँटमध्ये जी हमी आधी दिली गेली, तिच्याशिवाय आपण फक्त दोरी मागतो आहोत.

दहा-बारा यंत्रांची शेड चालवणाऱ्याला सुरुवात करायला फार पैसे लागत नाहीत. प्रत्येक यंत्रापाशी एक लाल डबा ठेवावा. खराब नग त्यातच पडला पाहिजे, बाकी मालात मिसळता कामा नये. शिफ्ट सुरू झाल्यावरचा पहिला नग मोजल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नये. यंत्रावर एक दिवा आणि घंटा, आणि घंटा वाजली की सुपरवायझरने हातातला फोन ठेवून तिकडे जावं. रोज दहा मिनिटं लाल डब्याभोवती उभं राहून त्यातल्या एकाच नगावर बोलावं, आणि बोलायला सुरुवात तो नग बनवणाऱ्याने करावी. पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा आकडा वाढेल. तेवढे खराब नग आधीही बनत होते, फक्त ते ग्राहकाकडे जात होते. त्या आकड्यावरून कुणाचा बोनस कापला, तर दुसऱ्या महिन्यात डबे रिकामे दिसतील आणि खराब माल पुन्हा टेम्पोत चढेल.